मालतीबाईंनी वाचलेल्या पाट्या

काश्मीरला जाऊन आलेली माणसं फोटो दाखवतात. सगळ्यांच्या मागे तोच बर्फ. बघणारे दोन मिनिटं बघतात आणि चहा ठेवायला उठतात. आम्ही तिघी हिंडलो ते सगळं पुण्यातल्या पुण्यात, आमच्याकडे एक फोटो नाही, पण आमचं बोलणं सुरू झालं की शेजारणी गॅस बंद करून येतात. घराजवळ फिरणाऱ्यांचं असंच होतं. लांबच्या गावी माणूस जपून वागतो. आपल्या गावात सगळं माहीत असल्याच्या तोऱ्यात निघतो, आणि तिथेच तोंडावर आपटतो. आपटलं की किस्सा. आमचे तर इतके साठलेत की कुठला आधी सांगू असं होतं.

तिघी म्हणजे मी, हमिदा आणि मालतीबाई. हमिदा माझी नाना पेठेतली जुनी शेजारीण. तिच्या घरी बँडवाल्यांचे कोट शिवायचे, माझ्या घरी पापड लाटायचे, मधे एक भिंत. आता ती मुलाकडे विश्रांतवाडीला असते आणि मी कर्वेनगरला. मालतीबाई माझ्याच सोसायटीत तळमजल्यावर. शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. यजमान गेले, तेव्हापासून एकट्या राहतात.

त्यांचा मुलगा संदीप खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. अठराव्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्टमध्ये आरसा, खाली पोहायचा तलाव. तो दर रविवारी यायचा आणि जाताना एकच वाक्य म्हणायचा, "आई, तुझं तुला सगळं जमतंय तोवर राहा इथे. जरा काही झालं की मी घेऊन जाणार. मग चर्चा नाही." बोलायचा प्रेमानेच, पण मालतीबाईंच्या छातीत धस्स व्हायचं. मला म्हणायच्या, "सुभद्राबाई, अठराव्या मजल्यावर कावळासुद्धा येत नाही हो. मी बोलू कुणाशी?"

फिरायचं खूळ त्यांचंच. एकदा म्हणाल्या, "सगळा जन्म पुण्यात काढलात, पुण्यात पाहिलंत काय?"

मी म्हटलं, "मंडई, स्टेशन आणि दवाखाना."

त्यांना हे इतकं लागलं की त्याच गुरुवारी मला घराबाहेर काढलं. मी हमिदाला फोन केला. मग दर गुरुवार ठरला आणि कामं वाटली गेली. रस्ता मी विचारायचा, डबा हमिदाने आणायचा, पाट्या मालतीबाईंनी वाचायच्या. मला अक्षर येत नाही. हमिदा उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेली. मराठी जुळवत जुळवत वाचते, पण तिची एक पाटी होईस्तोवर म्युझियम बंद व्हायची वेळ येते. तेव्हा मालतीबाई वाचतील ते खरं.

*

पहिल्याच गुरुवारी मला घेरी यायची बाकी राहिली होती. जुन्या घरगुती वस्तूंचं म्युझियम. आत शिरले तर काचेच्या कपाटात पोळपाट. शेजारी शेवयांचा साचा. त्याच्या शेजारी कुरडया करायचा सोऱ्या. वरून दिवे सोडलेले, जसा काही सोन्याचा मुकुट आहे.

मी हळूच विचारलं, "मालतीबाई, हा चोरीचा माल आहे का?"

"का हो?"

"माझ्या घरचा वाटतोय."

तिथला रखवालदार आला. "आजी, काचेला हात नका लावू. फार जुना सोऱ्या आहे तो."

"माझ्याकडे ह्याहून जुना आहे. कालच कुरडया घातल्यात."

"मग देऊन टाका की म्युझियमला."

"आणि मी कुरडया घालायला इथे येऊ? कपाटात बसून?"

तो गेला. मालतीबाईंनी चष्मा सारखा केला, पाटीपुढे उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या आवाजात वाचलं, "'या वस्तू वापरणाऱ्या स्त्रिया आता नामशेष झाल्या आहेत. अशी शेवटची स्त्री कसबा पेठेत दिसली होती.'"

मी तिथल्या स्टुलावर मटकन बसले. बसमध्ये हमिदा मला मधूनमधून चिमटे काढून बघत होती. "ताई, आहेस ना?"

*

पुढच्या गुरुवारी गेलो हत्यारांच्या दालनात. तलवारी, ढाली, चिलखतं, आणि कोपऱ्यात एक आखूड लोखंडी दांडा, टोकाला आकडी. मी असलं हत्यार जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मालतीबाईंनी वाचलं, "'ही आकडी एका सरदाराच्या मातोश्रींनी सुना सरळ करण्यासाठी घडवून घेतली. सुना पाच. उपयोग चौघींवर झाला.'"

आम्ही दोघी गारठलो. हमिदाने पदर तोंडाला लावला.

मी म्हटलं, "आणि पाचवी?"

"पाटीवर तेवढंच आहे," असं म्हणून मालतीबाई पुढच्या दालनात गेल्या.

हमिदाचा पाय निघेना. पाचवीचं काहीतरी लिहिलेलं असणारच, मालतीबाईंच्या नजरेतून सुटलं असेल, असं तिचं म्हणणं. ती पाटीला नाक लावून अक्षरं जुळवायला लागली. मी तिची पिशवी धरून उभी. ओठ हलतायत, बोट काचेवरून सरकतंय, मधेच परत मागे येतंय.

बऱ्याच वेळाने ती वळली.

"ताई, यात सून नाहीच आहे."

"मग काय आहे?"

"हत्ती आहे."

"नीट बघ."

"बघितलं. हत्ती तीनदा आलाय."

*

बाहेर येऊन आम्ही कट्ट्यावर डबा उघडला. हमिदाने तिखट पुऱ्या आणल्या होत्या. तिला आडून विचारणं जमत नाही. तिने हात पुढे केला. "मालतीबाई, माझ्या हातात काय आहे?"

"पुरी," मालतीबाई म्हणाल्या.

हमिदाच्या हातात तिची पैशांची पर्स होती.

मालतीबाईंनी हात पुढे करून पर्स चाचपली, आणि मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. माणसं दिसतात, पण धुक्यातून यावीत तशी. तुम्हाला दोघींना मी चालीवरून ओळखते. पाटी म्हणजे कुणी पांढरा रुमाल वाळत घातलाय असं दिसतं."

"अहो मग ऑपरेशन करून घ्या. हल्ली बायका सकाळी जातात आणि दुपारी भाजी निवडतात."

"करीन हो. पण नंतर थेंब कोण घालणार, सोबत कोण राहणार? संदीप थोडे दिवस म्हणून खराडीला नेणार. माझ्या नणंदेला तिच्या मुलाने असंच थोडे दिवस म्हणून नेलं. आता तिच्या ब्लॉकमध्ये बँकेतला भाडेकरू राहतो."

"मी आहे की खालीवर करायला."

"सुभद्राबाई, तुम्हाला बाटलीवरचं वाचता येत नाही आणि मला दिसत नाही. दोघी मिळून डोळ्यांत काय घालू?"

ते खरंच होतं. पण एक गोष्ट आतून कुरतडत होती. "म्हणजे त्या नामशेष बायका?"

"ते मी सांगितलं."

"आणि कसबा पेठेतली शेवटची?"

"तीही."

त्या शेवटच्या बाईला जेवायला कोण घालत असेल, या काळजीत माझा आठवडा गेला होता.

हमिदाने पुऱ्या वाढल्या. "मुलाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "पण मालतीबाई, पाटी वाचायची सोडू नका. हत्तीत काही मजा नाही."

*

मग आम्ही खुणा ठरवल्या. उजवं कोपर दाबलं की समोर माणूस आहे. डावं दाबलं की पायरी. दोन्ही दाबली की गप्प राहा.

पुढच्या गुरुवारी सकाळी टेकडीवर गेलो. तिथे लोक चालायला येतात, वर एक जुनी टाकी आहे, तिच्या कठड्यावर बसून दम खातात. आम्ही वळणावरून वर आलो तर कठड्यावर मोर. पिसारा मिटलेला, शेपूट खाली सोडलेली, ऊन पडून निळं-हिरवं असं झळकतंय. मी जागच्या जागी थबकले. इतक्या जवळून मोर मी पाहिला नव्हता. कोपर दाबायचं राहून गेलं. आणि मोरासाठी कुठलं कोपर, हे ठरलंच नव्हतं.

मालतीबाई पुढे झाल्या, हात जोडले. "नमस्कार. काय सुरेख पैठणी आहे हो. येवल्याहून आणलीत?"

मोराने मान वळवली आणि असा काही ओरडला की टेकडीच्या पलीकडे ऐकू गेला असेल. काठी घेऊन चालणारे एक गृहस्थ आ वासून उभे राहिले. हमिदा खाली बसली.

मालतीबाई शांतपणे पुढे चालू लागल्या. थोडं अंतर गेल्यावर मला म्हणाल्या, "उद्धट बाई."

*

आता हे मी देवळात कुणाला सांगितलेलं नाही.

एका म्युझियमच्या अंगणात जुने दगड, तुटक्या मूर्ती, वीरगळ असं मांडून ठेवलेलं. मालतीबाईंच्या पर्समध्ये हळदीकुंकवाची डबी कायम. देवी दिसली की बोट लावल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. मी नळावर बाटली भरायला गेले. हमिदाच्या हातात डबा आणि छत्री. तेवढ्यात काय व्हायचं ते झालं.

परत येऊन बघते तर कोनाड्यातल्या गोऱ्या साहेबाच्या कपाळावर हळदीकुंकू. छातीपर्यंतचाच पुतळा, पांढरा, गालावर कल्ले, ओठांवर मिशा. मालतीबाईंनी त्याच्यापुढे खडीसाखर ठेवली होती आणि डोळे मिटून मागत होत्या, "आई, माझ्या संदीपला सुबुद्धी दे. मला माझ्या घरात राहू दे."

माझ्या हातून बाटली सुटली.

हमिदा माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, तुमची आई मिशीवाली आहे."

रखवालदार खुर्चीत पेंगत होता. आम्ही मालतीबाईंना दोन्ही कोपरांना धरून बाहेर काढलं. बसमध्ये बसल्यावर सांगितलं. त्यांनी हळदीकुंकवाची डबी पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "नवस केला गेला. आता परत कसा घेऊ?"

पुन्हा तिकडे जायची माझी छाती होईना. पण साहेबाचं कपाळ पुसून यायला हवं, असं मालतीबाईंनाच वाटायला लागलं. महिन्याभराने ओला फडका घेऊन गेलो. अंगणात पाऊल टाकलं आणि माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. साहेबाच्या गळ्यात शेवंतीचा हार. पुढे फोडलेला नारळ, उदबत्तीची राख. एक बाई पदर पसरून मुलीचं लग्न जमू दे म्हणून उभी.

रखवालदार अनवाणी आला. आम्हाला ओळखत नव्हता हे नशीब. वैतागलेला होता. "बघा ना आजी, कोणी सुरू केलं कोण जाणे. आता मला माझ्या ड्युटीच्या जागेवर चपला काढून यावं लागतं. वर लोक देवाचं नाव विचारतात. काय सांगू?"

मी हमिदाकडे बघितलं, हमिदाने आभाळाकडे बघितलं.

मालतीबाई म्हणाल्या, "सुबुद्धीदेवी."

"अहो पण मिशा आहेत तिला."

"म्हणून तर जागृत आहे."

ओला फडका मी तसाच घरी आणला.

*

पेठांतली देवळं बघायला हमिदा फार हौसेने आली. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, सोट्या म्हसोबा, उपाशी विठोबा, एकेक नाव ऐकून ती चकित. "तुमच्यात देवांनापण टोपणनावं ठेवतात?"

मालतीबाई म्हणाल्या, "पुण्यात कुणालाच सोडलेलं नाही."

एका बोळातल्या छोट्या मारुतीपाशी थांबलो. नाव सांगत नाही, पुजारी अजून आहेत. तिथे तरुण मुलामुलींचा घोळका उभा. डोक्याला टोप्या, पाठीला पिशव्या. एक मुलगी कागद हातात धरून इंग्रजीत माहिती सांगत होती आणि मुलं मोबाइल बघत होती. मालतीबाईंच्यातली मास्तरीण जागी झाली. भिंतीवर त्यांना पांढरा चौकोन दिसला. त्याच्यासमोर उभ्या राहून त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'हा मारुती मूळचा नदीपलीकडचा. तिकडे गोंगाट फार, म्हणून एका पहाटे स्वतः चालत इकडे आला. आता इकडेही गोंगाट वाढल्याने पुन्हा जाण्याच्या विचारात आहे.'"

मुलांनी माना वर केल्या. कोणी हसलं, कोणी घोळका सोडून जवळ आलं. पुढच्या क्षणी सगळे मोबाइल मालतीबाईंवर रोखलेले. एकाने विचारलं, "आजी, कुठे जाणार आहे?"

"'ते त्याने अजून कोणाला सांगितलेलं नाही,'" मालतीबाईंनी वाचलं.

ती माहिती सांगणारी मुलगी आपला कागद उलटसुलट करून मारुती कुठून आला ते शोधत राहिली.

आम्ही त्या दिवशी फार खुशीत घरी आलो. रविवारी संदीप आला. मी नारळाच्या वड्या द्यायला मालतीबाईंकडे गेलेली. त्याने सोफ्यावर बसायच्या आधीच मोबाइल पुढे केला. "आई, हे काय आहे? आमच्या ऑफिसमधली एकजण त्या वॉकला होती. सगळ्या फ्लोअरवर हा व्हिडिओ फिरतोय."

"मारुतीची माहिती आहे," मालतीबाई म्हणाल्या.

"तू कशावरून वाचतेयस?"

"पाटीवरून."

"आई, तो विजेचा मीटर आहे."

माझ्या हातातली वड्यांची ताटली कलंडली. मी घाईघाईने म्हटलं, "अरे, पाटी मीटरच्या वर होती. व्हिडिओत आली नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

"काकू, येत्या गुरुवारी मी रजा टाकतो. तुमच्याबरोबर येतो. मला आईला पाटी वाचताना बघायचंय." मग मालतीबाईंकडे वळून म्हणाला, "वाचलीस, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आली वाचता, तर त्याच संध्याकाळी बॅग भरायची. मला तुझी रोज काळजी वाटते गं. मीटिंगमध्ये बसलेला असतो आणि डोक्यात तुझा गॅस चालू असतो."

तो गेल्यावर मालतीबाई देवघरापाशी जाऊन उभ्या राहिल्या. समईची वात हाताने चाचपून सारखी केली. म्हणाल्या, "माझ्या घरात मी अंधारातसुद्धा फिरते, सुभद्राबाई. तिथे मला माझा चमचा सापडायचा नाही."

*

हमिदाचं म्हणणं होतं की संदीपला विश्रांतवाडीला तिच्या घरी न्यावं, तिथे एकही पाटी नाही. पण मालतीबाई ताठ झाल्या. "मी बाई होते शाळेत. परीक्षेला मुलांना तयारी करून बसवलंय. मीही तयारी करूनच बसेन."

म्हणून बुधवारी आम्ही तिघी एका छोट्या म्युझियममध्ये गेलो. एकच लांब दालन, या टोकाने शिरायचं, त्या टोकाने बाहेर. हमिदाने एकेक पाटी जुळवून वाचली. अक्षरं जुळवून जुळवून तिच्या कपाळाला घाम. मालतीबाई पाठ करत होत्या. मी क्रम धरला: आधी पालखी, मग ढाल, मग नगारा, आणि शेवटी पिकदाणी. तिच्या पलीकडे अजून काही वस्तू होत्या, पण तिथपर्यंत हमिदाचे डोळे टिकले नाहीत. बसमध्ये मालतीबाईंनी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. आम्ही पैकीच्या पैकी दिले.

गुरुवारी संदीप गाडी घेऊन आला. एसी लावलेला. म्युझियमपाशी उतरलो. पुढच्या दारात शाळेची ट्रिप. दोनशे तरी मुलं, दोन-दोनच्या रांगा, शिट्ट्या. तिथला माणूस म्हणाला, "ज्येष्ठ नागरिक आहेत ना? या, तुम्हाला मागच्या दाराने सोडतो."

मी म्हटलं, "नको, आम्हाला पुढचंच दार आवडतं."

"आजी, तासभर उभं राहावं लागेल."

"राहतो की."

संदीप म्हणाला, "काकू, चला." आणि आईचा हात धरून मागच्या दाराने आत शिरला.

कोपरं दाबायला मी पलीकडच्या बाजूला पोचेपर्यंत उशीर झाला होता. दोनतीन वस्तू भरभर ओलांडून संदीप थांबला. "हं, आई. हे वाच."

मालतीबाईंनी चष्मा सारखा केला. ताठ उभ्या राहिल्या. आणि बुधवारचा पहिला धडा सुरू केला.

"'ही पालखी शिसवी लाकडाची असून तिला चांदीचा पत्रा आहे. या पालखीत बसून सरदारांच्या पत्नी दोन दासींसह माहेरी जात असत.'"

समोर वीतभर उंचीची पितळेची पिकदाणी होती.

संदीप पिकदाणीकडे बघत होता. मग आईकडे. मग पुन्हा पिकदाणीकडे.

हमिदाने घसा खाकरला. "पूर्वीची माणसं बारीक असतील."

मालतीबाईंना कळलं. त्यांचा हात पर्सच्या बंदावर घट्ट आवळला गेला. पण मान खाली घातली नाही. मला वाटलं, आता हा बोलणार. संध्याकाळी बॅग. मी मनातल्या मनात त्यांच्या कुंडीतल्या तुळशीला पाणी कोण घालणार ते ठरवायला लागले.

संदीपने आईचं कोपर धरलं आणि वळून, जिथून आलो होतो तिकडेच, मागच्या दाराशी नेलं. तिथे भिंतीला लागून एक सागवानी झोपाळा टांगलेला होता. कड्या पितळेच्या, पाट मधे बसून बसून खोलगट झालेला. त्याच्यासमोर तो थांबला. खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांना लावला आणि भिंतीशी वाकला.

"आई, ही पाटी मी वाचतो. तू ऐक."

"वाच," मालतीबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक.

"'हा झोपाळा एका बाईंचा. बाई एकट्या राहत. मुलगा लांब राहत असे.'"

"किती लांब?"

"एवढं दिलेलं नाही. 'मुलगा त्यांना न्यायला आला. बाई म्हणाल्या, झोपाळा येत असेल तर येते. झोपाळा दारातून बाहेर निघेना.'"

"मग?"

संदीप थांबला. चष्मा पुन्हा काढला, पुन्हा पुसला. "'बाईंच्या डोळ्यांवर इलाज करायचा होता. तो मुलाने केला. डोळ्यांत औषध घालायला मुलगाच त्यांच्याकडे येऊन राहिला. ऑफिसचं काम तिथेच बसून केलं.'"

"तेव्हा ऑफिसं होती?"

"कचेरी लिहिलंय. 'बाईंना दिसू लागल्यावर मुलगा आपल्या घरी गेला. बाई आणि झोपाळा होते तिथेच राहिले.'"

मालतीबाईंनी हात पुढे करून झोपाळ्याची कडी चाचपली. मग विचारलं, "असं लिहिलंय?"

"हो."

"कुठल्या ओळीत?"

"शेवटच्या."

"शुद्धलेखन बरोबर आहे का?"

"तपासलं. बरोबर आहे."

हमिदाने माझा हात धरला. मला अक्षर येत नाही, पण पाटी आहे की नाही एवढं कळतं. त्या भिंतीवर चार खिळ्यांची भोकं होती. बाकी नुसता चुना.